गंजून भोकं पडलेल्या टाक्या, ड्रम आणि डबे: दुरुस्ती कशी करायची, आणि पुन्हा भोक पडू नये म्हणून काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: पाण्याच्या लोखंडी टाकीच्या बुडाला सुईच्या टोकाएवढी तीन-चार भोकं पडली. ती बाहेरून इपॉक्सी पुट्टीने बुजवली, पण दोन महिन्यांत पुट्टीच्या अगदी कडेलाच नवा पाझर फुटला. पुट्टी वाईट होती का, झाळून (सोल्डर करून) घ्यायला हवं होतं का, आणि ड्रम, डबे, इंधनाच्या टाक्या यांनाही हेच उपाय चालतात का?

दोष बहुधा पुट्टीचा नाही. गंजाचं भोक बाहेरून दिसायला लागतं तेव्हा आत बरंच काही घडून गेलेलं असतं. बाहेर सुई जाईल एवढं भोक असतं, पण त्याच जागी आतून करंगळीचं टोक बसेल एवढा खड्डा असतो आणि त्याच्या कडेचा पत्रा पाव मिलिमीटरवर आलेला असतो. तुम्ही भोक बुजवलंत. खड्डा तसाच राहिला, त्यात पाणी साचून राहिलं आणि शेजारचा पातळ पत्रा पुढच्या काही आठवड्यांत फुटला. म्हणून दुरुस्तीचा खरा प्रश्न भोक कसं बुजवायचं हा नसून चांगला पत्रा कुठून सुरू होतो हा आहे. ठिगळ कुठलंही असो, त्याची कड चांगल्या पत्र्यावरच बसली पाहिजे.

भोकं बुडालाच का पडतात हे कळलं की पुढचं बरंच सोपं होतं. तळाशी गाळ बसतो. गाळाखालच्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो, तर वरच्या मोकळ्या पाण्यात तो असतो. या फरकामुळे एकाच पत्र्यावर विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि ऑक्सिजन कमी असलेल्या जागी लोखंड विरघळायला लागतं. पाण्यातले क्लोराइड (मिठात असतात तसे) त्या खड्ड्याकडे ओढले जातात, खड्ड्यातलं पाणी आम्लधर्मी होतं आणि वर गंजाची टोपी बसल्यामुळे ते बाहेरच्या पाण्यात मिसळतही नाही. सगळी झीज एका बिंदूवर चालते, म्हणून बाकी पत्रा ठणठणीत असताना एका जागी आरपार भोक पडतं. तळावर तपकिरी रंगाचे छोटे फुगवटे दिसत असतील तर एक फुगवटा दाभणाने उचकटून बघा. खाली काळा, ओला चिखल आणि त्याखाली चकचकीत खड्डा दिसला तर तिथे गंज अजून चालू आहे. खाली नुसती कोरडी तांबूस भुकटी निघाली तर तो जुना, थांबलेला गंज असण्याची शक्यता जास्त.

दुसरी नेहमीची जागा म्हणजे बुडाची बाहेरची बाजू. टाकी थेट जमिनीवर, ओल्या विटांवर किंवा गोणपाटावर ठेवली की मधली ओल वाळतच नाही. तिसरी जागा सांध्याची, म्हणजे जिथे दोन पत्रे दुमडून एकमेकांत अडकवलेले असतात किंवा एकावर एक बसवलेले असतात. त्या फटीत पाणी शिरतं, पण हवा खेळत नाही. चौथी जागा लोकांच्या लक्षात येत नाही: झाकणाची आतली बाजू आणि पाण्याच्या पातळीवरचा पट्टा. तिथे वाफेचे थेंब धरतात, त्यांत ऑक्सिजन भरपूर असतो आणि पत्रा दिवसभर ओला राहतो.

आधी पत्रा तपासा

टाकी रिकामी करा, गाळ काढा, पूर्ण वाळवा. तारेच्या ब्रशने पोपडे उतरवा. मग छोट्या हातोडीने हलके ठोके देत भोकापासून बाहेरच्या दिशेने जा. चांगला पत्रा टणक वाजतो आणि हातोडी उसळते. सडलेला पत्रा बद्द वाजतो आणि दबतो. शंका वाटेल तिथे दाभणाचं टोक हाताच्या जोराने दाबा. टोक आत गेलं तर ती जागा गेलेली समजा. चांगल्या पत्र्याची हद्द खडूने आखत जा. ठोकताना नवी भोकं पडतील. ती पडू द्या, कारण आज तुमच्या हातून पडलेलं भोक पुढच्या महिन्यात आपसूक पडणारच होतं.

निर्णय या खडूच्या रेषेवर घ्यायचा. रेषेच्या आतली जागा दोन-तीन बोटांएवढी असेल तर ठिगळ लावा. तळहाताएवढ्या जागेत पाच-सहा भोकं असतील किंवा रेषा एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंत गेली असेल, तर ठिगळांत वेळ घालवू नका. बूड बदला किंवा आतून पूर्ण अस्तर द्या. साध्या टाक्यांना आणि ड्रमना पत्रा बहुधा 0.8 ते 1.2 मिलिमीटरचा असतो. तो निम्म्याहून कमी उरला असेल तर त्यावर वेल्डिंग टिकत नाही, रिव्हेटही धरत नाही.

ज्यांना हात लावायचा नाही

दाबाखाली चालणारं कुठलंही भांडं गंजून गळायला लागलं की ते बाद करायचं. कॉम्प्रेसरची हवेची टाकी, गॅसचा सिलिंडर, अग्निशामकाचा सिलिंडर, प्रेशर कुकर यांना झाळ, पुट्टी, वेल्डिंग काहीही नको. कॉम्प्रेसरच्या टाकीत 8 बार दाब असेल तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे 8 किलोचा जोर असतो. तिथे एका भोकाचा अर्थ बाकीचा तळही पातळ झाला आहे असाच होतो, आणि अशी टाकी गळत बसत नाही, फुटते.

पेट्रोलची टाकी वरून रिकामी दिसली तरी ती वाफेने भरलेली असते, आणि भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची असते. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगीने स्फोट होतो. वाफ गंजाच्या पोपड्यांत आणि सांध्यांत मुरलेली असते, म्हणून दोनदा धुतल्यावरही उष्णता लागताच ती पुन्हा बाहेर येते. अशा टाकीला घरी वेल्डिंग नको, ब्लोलॅम्प नको, ग्राइंडरही नको. वेल्डिंगच करायचं असेल तर पाण्याच्या वाफेने किंवा गरम क्षाराने धुऊन, निष्क्रिय वायू भरून, वाफमापकाने तपासून काम करणाऱ्या कारागिराकडेच टाकी न्या. घरी करायचं असेल तर थंड पद्धतच वापरा. ती पुढे दिली आहे.

पूर्वी काय भरलं होतं हे माहीत नसलेला ड्रम कापू नका, तापवू नका. कीटकनाशकाचा किंवा रसायनाचा ड्रम दुरुस्त करून पाण्याला किंवा धान्याला वापरायचा विचारच सोडून द्या.

गंज काढणं

ठिगळ टिकायचं की नाही हे इथेच ठरतं, म्हणून निम्मा वेळ याच कामाला द्या. भोकाच्या कडेपासून सगळीकडे किमान 25 मिलिमीटर पत्रा पांढरा चकचकीत झाला पाहिजे. आधी तारेचा ब्रश, मग 80 नंबरचा पॉलिश पेपर. खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके राहतात. ते पेपरने निघत नाहीत, त्यांना आम्ल लागतं.

सायट्रिक आम्ल यासाठी चांगलं आणि हाताळायला सोपं आहे. 1 लिटर कोमट पाण्यात 50 ते 100 ग्रॅम घाला आणि रात्रभर ठेवा. बुडाचाच प्रश्न असेल तर टाकी पूर्ण भरायची गरज नाही, तळ बुडेल एवढं द्रावण पुरतं. सकाळी ब्रशने घासून ओता, साध्या पाण्याने धुवा, मग लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवा म्हणजे उरलेलं आम्ल मरतं. शेवटी पुन्हा साधं पाणी, आणि लगेच गरम हवेने वाळवा. इथे रेंगाळलात तर तासाभरात पूर्ण पत्र्यावर पिवळसर गंजाची झिलई येते आणि त्यावर लावलेलं काहीही नीट धरत नाही. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं पाणी कधीही एकत्र येऊ देऊ नका. विषारी क्लोरीन वायू सुटतो.

फॉस्फरिक आम्लाचा 'रस्ट कन्व्हर्टर' लावून गंज काढायचं काम टाळता येतं, असा समज आहे. त्याने खड्ड्यांतला उरलेला पातळ गंज लोहाच्या फॉस्फेटमध्ये बदलतो आणि प्रायमरला पकड मिळते, हे खरं. पण जाड पोपड्यांवर तो वरच्यावरच बसतो आणि पुढे पोपड्यांसकट गळून पडतो.

जस्ताच्या (जस्त चढवलेल्या लोखंडी) पत्र्याला आम्ल लावू नका, कारण लोखंडाच्या आधी जस्तच विरघळतं. तिथे ब्रश आणि पेपर एवढंच. ॲल्युमिनियमला सोड्याचं पाणी नको, ते ॲल्युमिनियम खातं.

भोक बुजवायच्या पद्धती

*बोल्ट आणि वायसर.* 3 ते 6 मिलिमीटरचं एकटं भोक असेल आणि भोवतीचा पत्रा चांगला असेल, तर ही सर्वांत कमी कटकटीची पद्धत आहे. भोक ड्रिलने गोल आणि स्वच्छ करा. स्टेनलेसचा बोल्ट घ्या, दोन्ही बाजूंना आधी रबरी वायसर, त्यावर मोठा धातूचा वायसर, मग नट. रबर थोडं फुगेल इतकंच आवळा. जास्त आवळलं की रबर बाहेर सरकतं आणि तिथूनच गळतं. बोल्ट आतून बाहेर घाला म्हणजे पुढे नट बाहेरून आवळता येतो. नटाभोवतीचा उघडा पत्रा रंगवायला विसरू नका.

*इपॉक्सी पुट्टी.* ती वाईट नाही. चुकीच्या जागी लावली जाते. दोन भाग समान घेऊन रंगाची एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत मळा. रेघ राहिली तर तिथे ती कधीच पिकत नाही, मऊ राहते. जमेल तिथे आतून लावा. आतून लावलेल्या ठिगळाला पाण्याचा दाब पत्र्यावर दाबून धरतो, बाहेरून लावलेल्याला उचलून टाकतो. फक्त बाहेरूनच पोचता येत असेल तर पुट्टी भोकातून आत ढकला म्हणजे आत तिची टोपी तयार होते, मग बाहेर 20 ते 25 मिलिमीटर पसरून कडा निमुळत्या करा. तासाभरात ती कडक लागते, पण 24 तासांच्या आत पाणी भरू नका. हवा 10 अंशांखाली असेल तर पुट्टी फार सावकाश पिकते. अशा वेळी दुप्पट वेळ द्या किंवा ती जागा कोमट ठेवा. पुट्टी तापमानाने लोखंडाच्या दोन-तीन पटींहून जास्त फुगते-आकसते, म्हणून उन्हात तापणाऱ्या आणि रात्री गार होणाऱ्या टाकीवर मोठं जाड ठिगळ कडेने सुटतं. नाण्याहून मोठ्या भोकाला नुसती पुट्टी लावू नका.

*झाळणं.* पातळ लोखंडी, जस्ताच्या, कथिलाच्या, पितळी आणि तांब्याच्या पत्र्याला हा उत्तम आणि पुष्कळ टिकणारा उपाय आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाची 25 वॉटची कावी (सोल्डरिंग आयर्न) इथे चालत नाही. पत्रा उष्णता पसरवून टाकतो, झाळ वर गोळ्यासारखी बसते आणि नखाने उचकटते. निदान 150 ते 200 वॉटची कावी किंवा शेगडीवर तापवायचा जड तांब्याचा खिळा लागतो. खिळ्याचं टोक कानसून, नवसागराच्या खड्यावर घासून त्यावर आधी कथील चढवून घ्या.

पिण्याच्या पाण्याच्या किंवा खाण्याच्या भांड्याला शिशाची झाळ लावू नका. 99.3 टक्के कथील आणि 0.7 टक्के तांबं असलेली झाळ 227 अंशांना वितळते, 96.5 टक्के कथील आणि 3.5 टक्के चांदी असलेली 221 अंशांना. यांपैकी कुठलीही घ्या. शिसं असलेली 60/40 झाळ 183 अंशांपासून वितळायला लागते आणि हाताला सोपी जाते, म्हणून तिचा मोह होतो. ती पाणी-अन्नाशी संबंध नसलेल्या वस्तूंपुरती ठेवा.

भोक 2 मिलिमीटरहून मोठं असेल तर थेट झाळीने भरू नका. पत्र्याचाच तुकडा घ्या, भोकापेक्षा सगळीकडे 15 ते 20 मिलिमीटर मोठा, कोपरे गोल केलेला. चौकोनी कोपरा आधी उचलला जातो. तुकड्याच्या एका बाजूवर आणि टाकीच्या पत्र्यावर झिंक क्लोराइडचा फ्लक्स (झाळ धरावी म्हणून लावायचा पदार्थ) लावून दोन्हींवर स्वतंत्रपणे झाळीचा पातळ थर चढवा. हा थर आरशासारखा पसरला पाहिजे. कुठे तो मागे सरून थेंब धरत असेल तर तिथे मळ आहे, पुन्हा घासा. मग तुकडा जागेवर ठेवा, वरून कावी दाबा आणि कडेने झाळीची चकचकीत रेघ बाहेर आली की कावी पुढे न्या, मागे लाकडाने दाबून धरा. झाळ मळकट होऊन गोठेपर्यंत हलवू नका, नाहीतर ती दाणेदार होते आणि तिथून पाझरते. टाकीत दुसरीकडे पाणी राहिलं असेल तर झाळ कधीच नीट बसणार नाही, पाणी सगळी उष्णता पिऊन टाकतं.

काम झाल्यावर फ्लक्स धुणं हे ऐच्छिक नाही. झिंक क्लोराइड हवेतली ओल ओढतं आणि आठवड्याभरात ठिगळाभोवती नवा गंज उभा करतं. कोमट पाणी, सोड्याचं पाणी, पुन्हा कोमट पाणी, अशा क्रमाने ब्रशने घासा. थेट आचेवर ठेवायच्या भांड्याला झाळ चालत नाही. पाणी असेपर्यंत तळ शंभराच्या आसपास राहतो, पण एकदा कोरडा तापला की ठिगळ गळून पडतं.

*रिव्हेटचं ठिगळ.* भोवतीचा पत्रा चांगला असलेल्या एकाच तळहाताएवढ्या भोकाला आणि जाड पत्र्याला चांगलं. सडलेला भाग खडूच्या रेषेवरून कापून टाका, भोकाला गोल कोपरे ठेवा. ठिगळ सगळीकडे 25 मिलिमीटर मोठं असू द्या, त्याखाली पॉलियुरेथेन सीलंटचा अखंड थर किंवा रबरी गॅस्केट घाला. रिव्हेट 20 ते 25 मिलिमीटर अंतरावर आणि कडेपासून 10 मिलिमीटर आत मारा. साधे पॉप रिव्हेट मधून पोकळ असतात आणि त्यातूनच गळतात. बंद टोकाचे घ्या. ठिगळाचा धातू आणि रिव्हेटचा धातू टाकीच्याच जातीचा असावा.

*वेल्डिंग.* 1 मिलिमीटरच्या आसपासच्या पत्र्याला साध्या वेल्डिंग रॉडने केलं की भोक मोठंच होतं. 0.6 मिलिमीटर तारेचं मिग किंवा टिग (वायूच्या आच्छादनाखाली केलं जाणारं वेल्डिंग), मागे तांब्याची पट्टी आणि टाक्याटाक्याने काम, मध्ये थंड होऊ देत. हे जमणारा कारागीर असेल तरच. जस्ताचा पत्रा असेल तर सांध्यापासून 50 मिलिमीटरपर्यंत जस्त घासून काढा. जस्त 907 अंशांना उकळतं आणि वेल्डिंगची आच त्याच्या कितीतरी वर असते. त्या पांढऱ्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, म्हणून मोकळी हवा आणि योग्य मास्क हवाच. वेल्डिंगने मागच्या बाजूचा रंग किंवा जस्त जळून जातं, तिथे पुन्हा लेप दिला नाही तर पुढचं भोक वेल्डिंगच्या कडेलाच पडतं.

*आतून इपॉक्सी आणि काचकापड (फायबरग्लासचं कापड).* पूर्ण बूड चाळणीसारखं झालं असेल, पण भिंती चांगल्या असतील, तर माझी पसंती याला आहे. तुमच्या टाकीलाही मी हेच सुचवेन. बूड ब्रश आणि आम्लाने साफ करून वाळवा, मोठी भोकं पुट्टीने बुजवा आणि बूड व भिंत यांच्या कोपऱ्यात पुट्टीची गोलाई द्या, कारण कापड काटकोनात वळत नाही आणि त्यामागे पोकळी राहते. मग इपॉक्सी रेझिनचा एक हात, त्यावर 200 ग्रॅम प्रति चौरस मीटरच्या विणलेल्या काचकापडाचे तीन थर, भिंतीवर 75 ते 100 मिलिमीटर चढवून. 1 चौरस मीटरला तीन थरांचं कापड 600 ग्रॅम होतं. रेझिन आणि हार्डनर मिळून 800 ते 900 ग्रॅम धरा. एका वेळी 150 ते 200 ग्रॅमच कालवा. जास्त कालवलं की डब्यातच तापतं आणि धूर येऊन घट्ट होतं. तुटक तंतूंची चटई घेऊ नका. तिच्यातला चिकट बांधक बहुधा पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरिनमध्ये विरघळण्यासाठी असतो. इपॉक्सीत तो विरघळत नाही आणि चटई नीट भिजत नाही. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त मिळतं म्हणून तेच वापरण्याचा मोह टाळा, लोखंडावर त्याची पकड कमजोर असते आणि पिकताना ते बरंच आकसतं. पिण्याच्या पाण्यासाठी डब्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं इपॉक्सीच घ्या, 7 दिवस पिकू द्या आणि दोनदा पाणी भरून ओतून मगच वापरा. बंद टाकीत उतरून काम करताना पंख्याने हवा खेळती ठेवा आणि बाहेर एक माणूस उभा ठेवा.

इंधनाची टाकी

इंधनाच्या टाकीला थंड पद्धत म्हणजे आतून सीलरचा लेप. क्रम असा: टाकी पूर्ण रिकामी, डिटर्जंट आणि गरम पाण्याने तीन-चारदा धुणं, आत मूठभर नट किंवा साखळीचा तुकडा घालून हलवणं म्हणजे पोपडे सुटतात, मग आम्ल, मग सोडा, मग कोरडी हवा. हेअर ड्रायरची गरम तार इथे वापरू नका. कॉम्प्रेसरची हवा किंवा दिवसभराचं ऊन चालेल. भोकं बाहेरून इंधनाला टिकणाऱ्या इपॉक्सीने बंद करा, आत सीलर ओता, टाकी सगळ्या बाजूंनी फिरवा आणि उरलेला सीलर पूर्ण काढून टाका. तळाशी थारोळं राहिलं तर ते वरून सुकतं, आत ओलं राहतं आणि पुढे सुटून फिल्टरमध्ये जातं. लेप निवडताना तो इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकतो असं डब्यावर लिहिलेलं बघा. जुन्या प्रकारचे काही लेप त्यात मऊ होऊन सुटतात.

गळती तपासणं

पाण्याची टाकी असेल तर सांधे आणि ठिगळ कोरडे पुसा, त्यावर खडू फासा, पाणी भरा. पाझर असेल तिथे खडू गडद होतो. याहून नाजूक तपासणी हवी तर एका बाजूला खडू फासून दुसऱ्या बाजूने रॉकेलचा बोळा फिरवा आणि अर्धा तास थांबा. पाणी जात नाही अशा फटीतूनही रॉकेल जातं आणि खडूवर डाग उमटतो. पिण्याच्या टाकीला ही तपासणी नको. हवा भरून साबणाचा फेस लावायचा असेल तर फार जपून. सपाट भिंतीच्या टाकीत 0.1 बार म्हणजे चौरस मीटरला 1 टन जोर होतो. भिंत फुगते आणि सगळे सांधे एकदम उघडतात.

धातू बदलला की काय बदलतं

स्टेनलेस गंजत नाही असं धरून लोक त्यात मिठाचं किंवा ब्लीचचं पाणी दिवसेंदिवस ठेवतात. क्लोराइड त्यावरचा संरक्षक थर फोडतो आणि सुईएवढं भोक सरळ आरपार जातं. 316 जातीत 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून ती 304 पेक्षा जास्त तग धरते, पण अजिंक्य नाही. स्टेनलेसला लोखंडावर वापरलेला ब्रश लावू नका. लोखंडाचे कण त्यात रुततात आणि दुसऱ्या दिवशी तांबूस ठिपके दिसतात. दुरुस्ती टिग वेल्डिंगने, किंवा फॉस्फरिक आम्लाच्या फ्लक्सने कथील-चांदीची झाळ. साधा राळेचा फ्लक्स तिथे काहीच करत नाही.

ॲल्युमिनियमवर घासल्यानंतर काही मिनिटांत पुन्हा ऑक्साइड धरतं, म्हणून पेपर मारल्याबरोबर इपॉक्सी लावा. तांब्याच्या नळातून आलेल्या पाण्यात विरघळलेलं तांबं ॲल्युमिनियमवर बसतं आणि प्रत्येक कणाभोवती खड्डा पडतो. जस्ताच्या टाकीचंही तेच. तांब्याचा नळ टाकीच्या आधी नको, टाकीच्या नंतर असला तर चालतो. टाकीला ड्रिल मारल्यावर आत पडलेला कीस चुंबकाने आणि ओल्या फडक्याने वेचून काढा. तळाशी राहिलेल्या प्रत्येक कणाखाली पुढे खड्डा सुरू होतो. जस्त थंड पाण्यात लोखंडाला वाचवतं, पण 60 अंशांच्या वरच्या पाण्यात काही वेळा ही भूमिका उलटते आणि लोखंडच झिजायला लागतं. गरम पाण्याला जस्ताची टाकी म्हणून नको.

पुन्हा भोक पडू नये म्हणून

सर्वांत जास्त फायदा ज्याने होतो त्याला काहीच खर्च नाही: बूड उचलून ठेवा आणि गाळ काढत राहा. टाकीखाली 75 ते 100 मिलिमीटर उंचीच्या पट्ट्या किंवा ठोकळे द्या, खालून हवा जाऊ द्या, आणि टाकी निचऱ्याच्या तोटीकडे किंचित कलती ठेवा. तोटी बुडाच्या अगदी खालच्या बिंदूला हवी. 50 मिलिमीटर वर बसवलेली तोटी तेवढा गाळ कायमचा ठेवून देते. पाण्याच्या टाकीतला गाळ तीन महिन्यांनी काढला तर वर सांगितलेले फुगवटे मुळात धरतच नाहीत.

रंगाबद्दल एकच गोष्ट नीट करा: कडा. रंग सुकताना टोकदार कडेवरून मागे सरतो, आणि सपाट भागावर 80 मायक्रॉन असलेला थर कडेवर 20 सुद्धा राहत नाही. म्हणून कडा आणि वेल्डिंगच्या रेषा कानसून गोल करा, त्यांना ब्रशने आधी एक वेगळा हात द्या, मग पूर्ण टाकीला जस्तयुक्त प्रायमर आणि वर इपॉक्सीचे दोन हात. पत्रा हाताला गार आणि दमट लागत असेल तर त्या दिवशी रंगवू नका. जस्ताच्या नव्या गुळगुळीत पत्र्यावर साधा ऑइलपेंट काही महिन्यांत पापुद्र्यासारखा सुटतो, तिथे आधी एच प्रायमर (धातूचा पृष्ठभाग किंचित खाऊन पकड घेणारा) लागतो. बुडाच्या बाहेरच्या बाजूला बिटुमेनचे दोन हात पुरतात, पण आत पिण्याच्या पाण्याला बिटुमेन किंवा डांबर नको.

गरम पाण्याच्या लोखंडी टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते, ती स्वतः झिजून टाकीला वाचवते. वर्षातून एकदा काढून बघा. मधली तार उघडी पडली असेल तर बदला. ती संपल्यानंतर टाकीच्या आतल्या काचेच्या लेपातली प्रत्येक बारीक चीर गंजायला मोकळी होते.

डिझेलच्या टाकीत पाणी तळाशी बसतं आणि डिझेल-पाण्याच्या सीमेवर जंतू वाढतात. त्यांचं आम्ल आणि काळा शेंबडासारखा थर बूड खातात. महिन्यातून एकदा तळाची तोटी उघडून स्वच्छ डिझेल येईपर्यंत निचरा करा. टाकी बरेच दिवस पडून राहणार असेल तर जवळजवळ भरून ठेवा. आत हवा कमी म्हणजे दवही कमी.

ड्रम उघड्यावर उभे ठेवू नका. वरच्या काठाच्या आत पावसाचं पाणी साचतं, दिवसा ड्रम तापून हवा बाहेर टाकतो आणि रात्री गार होताना बुचाच्या आट्यांतून तेच पाणी आत ओढतो. ड्रम आडवे ठेवा, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असे, म्हणजे बुचं आतल्या द्रवाखाली राहतात आणि हवा ओढली जात नाही. जमिनीपासून लाकडाच्या दोन पट्ट्यांवर उचला आणि कोसळू नयेत म्हणून दोन्ही टोकांना पाचरी मारा.